आगरची निळी गाडी

उज्जैनहून आगरला जाणारी छोटी गाडी आणीबाणीच्या साली बंद झाली. रूळ उखडले, इंजिनं गेली, डबे लिलावात निघाले, आणि ज्या गावाला दोन हजार वर्षांपूर्वीचं सगळं तोंडपाठ आहे त्या गावानं पन्नास वर्षांपूर्वीची गाडी बघता बघता विसरून दाखवली.

ती गाडी आता पुन्हा सुटते. उज्जैनच्याच माधव नगरात, श्रीपाद विपटच्या घरी, देवघर आणि गोदरेजचं कपाट यांच्या मधल्या साडेतीन फुटांत ठेवलेल्या कॉम्प्युटरवरून. तिच्यात प्रवासी नसतात, तिकीट लागत नाही आणि ती कधीही उशिरा येत नाही. या तीन कारणांमुळे तिला रेल्वे म्हणायला मला सुरुवातीला फार जड गेलं.

श्रीपाद आणि मी एका सरकारी दफ्तराच्या भांडार विभागात तेहतीस वर्षं शेजारी बसतो आहोत. कुणी 'सुमारे शंभर' बोल्ट पाठवले तर तो खोकं परत पाठवतो. मोजून सत्त्याण्णव पाठवले आणि सत्त्याण्णव लिहिले, तर चहा पाजतो. डब्यातल्या पोळीचे चार सारखे तुकडे केल्याशिवाय तो पहिला घास घेत नाही. अशा माणसाला निवृत्तीच्या तोंडावर एखादा छंद लागला, तर तो कुठला असणार? बागकाम नव्हे. झाडं मनाला येईल तशी वाढतात.

त्याला आगगाडीचा खेळ सापडला. कॉम्प्युटरवर गाडी चालवायची, सिग्नल पाळायचे, वेळापत्रक सांभाळायचं, असा हा खेळ. आणि या खेळासाठी जुनी, मोडीत निघालेली इंजिनं आणि डबे हुबेहूब पुन्हा तयार करणारे लोक जगभर आहेत. ते एकेका इंजिनावर वर्षं घालवतात आणि मग ते फुकट वाटून टाकतात. अमुक इंजिनाच्या धुराड्याखाली पाच रिव्हेट होते की सहा, यावरून त्यांच्यात अशी भांडणं होतात की ती वाचल्यावर आपल्या महाराष्ट्र समाजाच्या कार्यकारिणीबद्दल आदर वाटू लागतो. हिंदुस्तानातल्या छोट्या गाड्यांचा त्यांचा एक वेगळा ग्रुप आहे. त्याचा प्रमुख हर्षल नावाचा मूळ कराडचा इंजिनिअर, मुक्काम जर्मनी. वय चौतीस. आणि त्या ग्रुपची नियमावली कुणी लिहिली असेल? अर्थात श्रीपादनं. एकूण नियम अकरा. त्यातला चौथा महत्त्वाचा, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यामुळे झालं. नियम चार : 'स्मृती हा पुरावा नव्हे. मोजमाप, कागद किंवा प्रत्यक्ष वस्तू यांपैकी काहीतरी दाखवावे.' कुणा एकाच्या आजीला म्हणे इंजिनाच्या तोंडावर सिंह असल्याचं आठवत होतं. त्या आजीपासून ग्रुपचं रक्षण करण्यासाठी हा नियम झाला.

पण श्रीपादनं हा उद्योग सिंहासाठीही केला नाही आणि जर्मनीसाठीही नाही. त्यानं तो सासुरवाडीसाठी केला.

त्याचे सासरे शरच्चंद्र निमगांवकर. सगळ्यांचे तात्या. वय एकोणनव्वद, ऐकू कमी येतं, म्हणून इतरांनाही कमी येतं असं धरून बोलतात. आगरच्या गाडीवर ते अकरा वर्षं गार्ड होते. त्यांची मुलगी जयू, म्हणजे श्रीपादची बायको, लहानपणी सुटीच्या दिवशी गार्डाच्या डब्यात तात्यांच्या पेटीवर बसून आगरला जाऊन यायची. जयूचे भाऊ जाऊन आले, काका जाऊन आले, आत्याही जाऊन आली. निमगांवकरांच्या घरात आगरच्या गाडीत न बसलेला माणूस एकच, तो म्हणजे जावई. श्रीपादच्या वडिलांनी त्याला मॅट्रिक झाल्यावर त्या गाडीतून न्यायचं कबूल केलं होतं. तो चौथीत असताना गाडी गेली.

आता दर सणाला निमगांवकरांकडे जेवणं झाली, सुपारी फिरली, की म्हशीची गोष्ट निघते. साल एकाहत्तर. घट्टियाच्या अलीकडे एक म्हैस रुळांत येऊन बसली. ड्रायव्हर बद्रीप्रसादनं शिट्टी दिली, म्हैस उठली नाही. वाफ सोडली, तरी उठली नाही. शेवटी तात्या खाली उतरले आणि तिच्या तोंडापुढे हिरवी झेंडी हलवली, तर म्हशीला तो चारा वाटला. तिनं झेंडी खाल्ली आणि मग समाधानानं उठून गेली. पुढे झेंडी कुठे गेली याचा खुलासा तात्यांना लेखी द्यावा लागला. एवढी ही गोष्ट. दरवेळी सगळे तिथेच हसतात.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत श्रीपादनं भाबडेपणानं विचारलं, "मग तात्या, गाडीला किती उशीर झाला?"

तात्यांनी त्याच्याकडे पाहिलं. म्हणाले, "जावईबापू, तुम्ही नव्हता त्यात."

गेली बत्तीस वर्षं हे एकच वाक्य. इंजिनाचा विषय निघाला, "तुम्ही नव्हता त्यात." आगरच्या स्टेशनवरच्या कचोरीचा निघाला, तरी तेच. तात्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. ते फक्त वस्तुस्थिती सांगत होते. आणि वस्तुस्थितीपुढे श्रीपाद काय बोलणार? तो तर तिचाच भक्त. म्हणून त्यानं ठरवलं, गाडीच उभी करायची. तात्यांना समोर बसवायचं आणि त्यांच्या तोंडून म्हणवून घ्यायचं, 'हो, हीच आमची गाडी.' एवढ्या चार शब्दांसाठी त्यानं सहा वर्षं घातली.

यावर कुणीही शहाणा माणूस विचारेल, की मग तात्यांनाच जाऊन का नाही विचारलं? इंजिन कसं, डबा कसा, रंग कसा? मीही विचारलं.

"नियम चार," श्रीपाद म्हणाला.

"अरे, सासरा आहे तो तुझा. सिंहवाली आजी नाही."

"आणि विचारायला गेलो तर काय म्हणतील, तुला माहीत नाही?"

मला माहीत होतं.

तर नियमाप्रमाणे काम सुरू झालं. आराखडे कुठेच नव्हते. फोटो तीन मिळाले. त्यातल्या दोनांत इंजिनासमोर जयूचे एक मामा उभे होते आणि मामा रुंद होते. त्यामुळे इंजिनाचा मधला भाग इतिहासाला कायमचा अज्ञात राहिला असता, पण हर्षलनं परदेशातून तशाच जातीच्या इंजिनाचा नकाशा मिळवून दिला. नकाशाची मापं आणि फोटोतली मामांची उंची यांचा मेळ घालून श्रीपादनं इंजिन उभं केलं. मामा पाच फूट चार इंच होते, हे त्यांच्या पासपोर्टावरून सिद्ध करण्यात आलं.

डब्याचा प्रश्न मात्र नशिबानं सुटला. लिलावातला एक डबा उज्जैनबाहेरच्या भैरवगढला, म्हणजे जुन्या लोकांच्या भेरूगढला, जिवंत सापडला. चाकं नव्हती, पण लाकडी खोका पुरा शाबूत. तिथले छापकाम करणारे रफीकभाई छीपा यांच्या अंगणात तो उभा होता आणि त्यात छपाईचे लाकडी ठसे आणि जाजमांचे गठ्ठे ठेवलेले होते. श्रीपादला तो पाहून जे झालं ते मी त्याच्या मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं ताबडतोब टेप काढली.

सलग तीन रविवार आम्ही तिथे गेलो. श्रीपाद मोजायचा, मी लिहून घ्यायचो. खिडक्यांची रुंदी, दाराच्या कडीची लांबी, फळीफळीतलं अंतर. रफीकभाई, वय पंचेचाळीस, सज्जन माणूस, दर अर्ध्या तासानं चहाचं विचारायचे आणि श्रीपाद दरवेळी म्हणायचा, "बाद में, बाद में. आप बस उधर हाथ मत लगाइए."

तिसऱ्या रविवारी रंगाचा निकाल लागला. या मंडळींची रंग शोधायची एक पद्धत आहे. जुन्या लाकडावर पातं धरायचं आणि एकेक थर खरवडत खाली जायचं. सगळ्यांत खालचा थर तो मूळ रंग. श्रीपादनं दाढीच्या पात्यानं एक इंच बाय एक इंच जागा खरवडली. वर हिरवा ऑइलपेंट. त्याखाली चुना. चुन्याखाली निळा, लाकडात खोल मुरलेला. निळ्याखाली कोरं लाकूड. त्यानं तसं सहा ठिकाणी खरवडलं आणि सहाही ठिकाणी निळाच निघाला.

"निळी होती," तो कुजबुजला. जणू मोठ्यानं बोलला तर रंग उडाला असता. "जगात कुणाला माहीत नाही. आपल्या दोघांना माहीत आहे फक्त."

रफीकभाई जाजमाची घडी घालत उभे होते. ते काहीतरी बोलणार होते असं मला वाटलं, पण श्रीपादनं फोटो काढायला त्यांना बाजूला व्हायला सांगितलं.

त्यानं त्यावर अकरा पानांचा अहवाल लिहिला, खरवडलेल्या सहा जागांच्या फोटोंसकट. हर्षलनं उत्तर दिलं, 'काका, निर्विवाद.' गाडी जगासमोर आली. पहिल्या महिन्यात तीन हजारांहून अधिक लोकांनी ती उतरवून घेतली. ब्राझीलमधला एक दंतवैद्य दवाखाना उघडण्याआधी रोज सकाळी उज्जैन ते घट्टिया करू लागला. ज्या गाडीला उज्जैनमध्ये कुणी ओळखत नव्हतं तिला तिकडे चाहते मिळाले आणि सगळ्यांचं एकच मत पडलं, की निळा रंग फार सुंदर आहे.

आता उरले तात्या.

गणेशोत्सवाचे कार्यक्रम लावायचं काम समाजानं माझ्याकडे दिलेलं आहे. सहाव्या दिवशी रांगोळीची बक्षिसं आणि आरती यांच्या मध्ये वीस मिनिटं रिकामी होती. मी तिथे लिहिलं, 'आगरची गाडी : चित्रपडद्यावर. श्री. श्रीपाद विपट.' प्रमुख पाहुणे, तात्या. श्रीपादनं नवा सदरा शिवला. जयूनं मला आदल्या दिवशी फोन केला. "भाऊजी, तात्यांना पहिल्या रांगेत मधे बसवा. आणि यांच्या शेजारी तुम्ही बसा. हे चार दिवस नीट जेवले नाहीत."

संध्याकाळी सहाला तात्या नानाखेड्याहून मुलाच्या गाडीतून आले. दिवे मालवले. पडद्यावर उज्जैनचा फलाट, छोटं इंजिन, चार डबे. पुढे बसलेली पोरंसुद्धा पडद्याकडे सरकली. खरं सांगायचं तर माझ्याही अंगावर काटा आला, आणि मी ती गाडी सहा वर्षं तुकड्यातुकड्यांनी पाहत होतो.

तात्या पुढे वाकले. "खिडक्या बरोबर आहेत," ते म्हणाले. त्यांचं 'म्हणणं' म्हणजे सभागृहाला ऐकू जाणं. "दाराची कडीपण बरोबर. वा!"

श्रीपादनं माझा हात धरला. घट्ट.

"छान आहे," तात्या म्हणाले. "पण ही गाडी कुठली?"

"आगरची, तात्या," श्रीपाद म्हणाला.

"छे! आगरची गाडी निळी कधी होती? हा तर भेरूगढच्या जाजमाचा रंग आहे."

हशा पिकला. आमच्या समाजाला हसायला कमी लागतं. तेवढ्यात पडद्यावर गाडी सुटली, आणि तात्या एकदम उठूनच उभे राहिले.

"थांबवा! थांबवा! गार्डनं झेंडी दाखवली नाही आणि गाडी सुटली कशी? ड्रायव्हर कोण आहे?"

"मी आहे, तात्या."

"सस्पेंड व्हाल, जावईबापू! सरळ सस्पेंड!"

आता सभागृह पोट धरून हसायला लागलं. रांगोळीत तिसऱ्या आलेल्या बाई तर डोळे पुसत होत्या. तात्यांनी जयूला विचारलं, "सगळे हसतायत कशाला?" आणि मग शेजारच्यांना समजावून सांगितलं, की जावईबापूंचा दोष नाही, ते नव्हते त्यात.

उकडीचे मोदक होते. श्रीपाद प्रसादाला थांबला नाही.

पुढच्या रविवारी त्यानं मला स्कूटरवर मागे बसवलं आणि भैरवगढ गाठलं. मला वाटलं, आता हा सातव्या ठिकाणी खरवडणार. पण त्यानं टेपही आणली नव्हती आणि पातंही नाही.

"रफीकभाई, इस डिब्बे का असली रंग क्या था?"

"असली तो साहब मैंने भी नहीं देखा. मेरी पैदाइश के पहले आया ये. दादाजी बैलगाड़ी पे लाए थे. पुराना पेंट झड़ता था, कपड़े में लगता था, तो उन्होंने पूरा घिसवा दिया. लकड़ी तक."

"और नीला?"

"नीला तो हमारा है. बीस साल इसमें नील का माल रहा. गीले थान टिकाते थे, हाथ पोंछते थे. लकड़ी पी गई. बाद में हमने चूना मारा."

श्रीपाद ठशांच्या ढिगाऱ्याशेजारी बसला. "आपने बताया क्यों नहीं?"

"आपने पूछा कब?" रफीकभाईंना खरंच नवल वाटलं. "तीन इतवार आप आए, नापते रहे. मैं चाय का भी पूछता तो आप कहते थे हाथ मत लगाइए. मैंने सोचा, सरकारी काम होगा." मग जरा थांबून म्हणाले, "दादाजी कहते थे, लाल-सा था कुछ. आज चाय पिएंगे?"

त्या दिवशी आम्ही चहा घेतला.

त्या संध्याकाळी श्रीपादनं ग्रुपला दुरुस्तीचं पत्र लिहिलं. चूक माझी, रंग छपाईच्या निळीचा, मूळ रंग लालसर असल्याचं डब्याच्या मालकाचे आजोबा सांगत, निळा नव्हता असं माझे सासरे सांगतात, ते त्या गाडीचे गार्ड होते, तरी निळा रंग मागे घ्यावा. दुसऱ्या दिवशी हर्षलचं उत्तर आलं. अत्यंत नम्र. नम्र माणसांपासून सावध राहावं.

'काका, तुमच्याबद्दल नितांत आदर आहे. पण नियम चार तुम्हीच लिहिलेला आहे. सहा ठिकाणचा प्रत्यक्ष पुरावा एका बाजूला, आणि एका नव्वदीच्या गृहस्थांची आठवण व दुसऱ्या एकाच्या दिवंगत आजोबांचं बोलणं दुसऱ्या बाजूला. तुमच्याच अहवालापुढे तुमचं पत्र टिकत नाही.' खाली सतरा जणांची सहमती होती. दंतवैद्यानं लिहिलं होतं, की निळा रंग आता त्याच्या सवयीचा झाला आहे.

श्रीपादनं ते पत्र मला दफ्तरात वाचून दाखवलं. "यात एकही चूक नाही रे," तो म्हणाला. "मी असतो तर हेच लिहिलं असतं. एक स्वल्पविराम सोडून."

असं हे झालं. जगाच्या दृष्टीनं आगरची गाडी निळी होती आणि निळीच राहणार. अकरा पानं नेटकी लिहिली, खाली तळटिपा दिल्या आणि फोटोंवर नंबर घातले, की इतिहास निर्विवाद होतो. तो खरा आहे की नाही, हे सांगणारा एकच माणूस शिल्लक होता, आणि नियमाप्रमाणे तो बाद होता.

श्रीपादनं दोन दिवसांची रजा टाकली. तेहतीस वर्षांत त्यानं रजा टाकली म्हणजे कुणीतरी गेलं किंवा कुणाचं तरी लग्न असलं पाहिजे, म्हणून शिपायानं घाबरून मला विचारलं. काही नाही, म्हटलं, साहेब सासऱ्यांना एक प्रश्न विचारायला गेले आहेत.

जयूनं नंतर सांगितलं ते असं. श्रीपाद तिला घेऊन नानाखेड्याला गेला, तात्यांसमोर खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "तात्या, मी त्यात नव्हतो. मला माहीत नाही. रंग कसा होता, तुम्ही सांगा."

 बत्तीस वर्षांत तात्यांना हे वाक्य कुणी ऐकवलं नव्हतं. मग जे सुरू झाले ते दुपारच्या चहापर्यंत थांबले नाहीत.

रंगाचं नाव मात्र त्यांना सांगता येईना. श्रीपादनं कॉम्प्युटरवर सतरा छटा काढून दाखवल्या. "हा नाही. हा तर कुंकवाचा. हा विटेचा, वीट नव्हती." शेवटी जेवताना पानातल्या वाटीकडे बोट दाखवून तात्या ओरडले, "हा! हा बघा! पण गूळ कमी आहे. गूळ जास्त झाला की आमटीला जो रंग येतो ना, तो!"

जयू म्हणाली, "तात्या, याहून काळपट होता. मला आठवतंय."

"तू पेटीवर बसून आत होतीस. मी बाहेर लोंबकळत होतो. बाहेरचा रंग कुणाला दिसणार?"

जयूनं आमटीत गूळ वाढवला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. तिसऱ्या वाटीला तात्यांनी मान डोलावली आणि श्रीपादनं खिडकीच्या उजेडात आमटीचा फोटो काढला. संशोधनाच्या इतिहासात आमटी पुरावा म्हणून प्रथमच दाखल झाली असावी. ती नंतर कुणालाही खाता आली नाही.

त्या रंगाची गाडी श्रीपादनं ग्रुपला पाठवली नाही. ती फक्त माधव नगरात धावते, आणि तीही रविवारीच, कारण त्या दिवशी गार्ड उपलब्ध असतो. तात्या सकाळी साडेनऊला येतात, येताना झेंडी आणतात. खरी, रेल्वेची, हिरवी. मी ती हातात घेऊन पाहिली आहे. एक कोपरा नाही, कडेला दातांसारखे खाचे आहेत. मी विचारलं, "तात्या, ही तर म्हशीनं खाल्ली होती ना?"

"कागदोपत्री पूर्ण खाल्ली आहे," तात्या म्हणाले.

तात्या खुर्चीत मागे बसतात, श्रीपाद कळफलकावर हात ठेवून पुढे. झेंडी हलल्याशिवाय गाडी सुटत नाही. वेळापत्रक जुनं, प्रत्येक स्टेशनवर थांबायचं, मधे काही गाळायचं नाही, म्हणजे जाऊन येऊन अख्खा रविवार. कॉम्प्युटरला पाणी लागत नाही, पण तात्या इंजिनाला पाणी घ्यायला पंधरा मिनिटं थांबवतात, तेवढ्यात जयू चहा देते. एकदा श्रीपादनं अर्धं मिनिट आधी गाडी हलवली, तर त्याला लेखी खुलासा द्यावा लागला. त्यानं दिला. तीन प्रतींत.

मी एकदा विचारलं, "तात्यांनी म्हटलं का रे ते? 'हीच आमची गाडी' म्हणून?"

"नाही," श्रीपाद म्हणाला. "शिट्टी अजून पातळ आहे म्हणतात."

त्याच्या चेहऱ्यावर सहा वर्षांचा हिशेब दिसेल म्हणून मी पाहत राहिलो, पण तो शिट्टीचाच विचार करत होता.

मग भाऊबीज आली. निमगांवकरांकडे पंगत होती, मलाही बोलावणं होतं. जेवणं झाली, सुपारी फिरली, आणि कुणीतरी म्हशीचं नाव काढलं. तात्या सावरून बसले.

"साल एकाहत्तर. घट्टियाच्या अलीकडे म्हैस येऊन रुळांत बसली. ड्रायव्हर होते आपले जावईबापू. त्यांनी शिट्टी दिली, म्हैस उठली नाही."

 जयूनं पदर तोंडाला लावला. तिचे भाऊ एकमेकांकडे पाहू लागले.

"वाफ सोडली, तरी उठली नाही," तात्या पुढे सांगत होते. "मी उतरलो, झेंडी घेतली... काय हो जावईबापू, म्हशीचं तोंड कुठे होतं तेव्हा?"

एकाहत्तर साली श्रीपाद सहा वर्षांचा होता. हे त्याला माहीत होतं. जन्मदाखला त्याच्या कपाटात, दुसऱ्या खणात, हिरव्या फाइलमध्ये आहे. मी त्याच्याकडे पाहिलं. या माणसानं मामांची उंची पासपोर्टावरून सिद्ध केली होती.

"आगरकडे, तात्या," श्रीपाद म्हणाला. "अगदी सरळ आगरकडे. मी ब्रेक दाबून धरला होता, म्हणून वाचली."

"बघा!" तात्या सगळ्यांना म्हणाले. "आगरकडेच होतं."

सगळे हसले, नेहमीच्याच जागी. माझा स्वभाव जरा नीटनेटका आहे, आणि कागद जुळत नसले की मला गप्प बसवत नाही. मी म्हटलं, "पण तात्या, दरवेळी तर तुम्ही ड्रायव्हर बद्रीप्रसाद..."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. श्रीपादनंही पाहिलं, आणि आधी तोच बोलला.

"तू नव्हतास त्यात."